सांडपाण्यातील धातुविष

नाल्यात सोडलेले पाणी दृष्टीआड झाले की आपली जबाबदारी संपली, असा सामान्य समज आहे. मलमूत्र व खरकटे ह्यांच्यापुरता तो अगदीच निराधार नाही; शहराबाहेरील शुद्धीकरणाच्या हौदांत सूक्ष्म जंतू ती घाण खाऊन टाकतात. परंतु पारा, शिसे, कॅडमियम, क्रोमियम ही मूलद्रव्ये होत, आणि मूलद्रव्याचे विघटन कोणताही जंतू करू शकत नाही, हे रसायनशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी जाणतो. हे धातू बहुतांशी हौदाच्या गाळात जाऊन बसतात. तोच गाळ खत म्हणून शेतात पडला, म्हणजे ज्यास आपण निरोप दिला ते विष भाजीच्या टोपलीतून घरी परत येण्याचा संभव असतो! म्हणून कारखान्याचे धातुमिश्रित पाणी गावच्या सांडपाण्यात मिसळण्यापूर्वी कारखान्याच्या आवारातच शुद्ध झाले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथे ते थोडे असते, व त्यात कोणता धातू आहे हेही ठाऊक असते. कित्येक धातू तर नुसत्या चुन्यानेही खाली बसविता येतात. लहान कारखानदारांस हा खर्च झेपत नसेल, तर अनेकांनी मिळून सामाईक व्यवस्था करावी. पण खर्चाची सबब आम्हांस मान्य नाही.

समुद्र अफाट आहे, त्यात चिमूटभर विषाने काय होणार, असे म्हणणारांनी जपानातील मिनामाता गावाकडे पाहावे. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून १९३२ पासून पाऱ्याचे विषारी संयुग उपसागरात जात होते. ते मासे व शिंपल्यांत साठत गेले. प्रथम मांजरे नाचल्यासारखी गिरक्या घेऊन मरू लागली. मग कोळ्यांच्या मुलाबाळांचे हातपाय वाकडे झाले, वाचा गेली. मे १९५६ मध्ये ह्या रोगाची वर्दी दिली ती कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा ह्यांनी. कंपनीने १९५८ मध्ये काय केले? नाल्याचे तोंड नदीमुखाकडे वळविले, आणि रोग नव्या वस्त्यांत पसरला!

१९५९ मध्ये डॉक्टरांनी कारखान्याचे सांडपाणी एका मांजरास अन्नातून दिले. त्यासही तोच रोग जडला. कंपनीने ही गोष्ट दडपून ठेवली व ते उत्पादन १९६८ पर्यंत चालविले.

आवाराच्या भिंतीआड काय चालले आहे, हे प्रथम आतल्या माणसांसच कळते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक उद्या अशाच कारखान्यांत नोकरीस जातील; पालकांनी ही हकीकत त्यांस आजच सांगावी. होसोकावांनी ती मांजराची गोष्ट न्यायालयापुढे सांगितली ती १९७० मध्ये, मृत्युशय्येवरून.