पत्रादेवीच्या अलीकडे

चतुर्थीला गावी निघताना मी काळा कोट मुद्दाम मुंबईत ठेवते. उपयोग शून्य. तुतारी एक्स्प्रेसने सावंतवाडीला उतरायचं, रिक्षाने इन्सुली घाट उतरून घर गाठायचं, आणि अंगणात पाय ठेवतोय तोच ओट्यावरून हाक, "वकिलीण इली गो!" मग मोदकाची उकड आणि सातबाराचे उतारे एकदमच पुढ्यात येतात. दरवर्षी प्रश्न ठरलेले: सामायिक विहीर, शेजाऱ्याच्या हद्दीत गेलेली आंब्याची फांदी, मुंबईच्या काकांची न झालेली सही.

२०२५ च्या चतुर्थीला प्रश्न वेगळा होता, आणि विचारणारी माझी धाकटी मावसबहीण होती. तिला विचारूनच लिहितेय. नाव सांगणार नाही, थोडे तपशीलही बदललेत.

तर ही आमची बाई अंधेरीतल्या एका फायनान्स कंपनीत. पगार नवऱ्यापेक्षा किंचित जास्तच. घोडबंदर रोडला दोघांच्या नावावर टू बीएचके, ईएमआय अजून बारा वर्षं. मार्च २०२४ पासून एका बेडरूममध्ये ती, दुसऱ्यात तो. यंदाच्या एप्रिलपासून ती भाड्याच्या घरात. आणि सहा वर्षांचा मुलगा? त्याला मे महिन्यात सुट्टीसाठी म्हणून इन्सुलीला आजीकडे आणलं ते परत नेलंच नाही. जूनमध्ये इथल्याच शाळेत नाव घातलं.

भांडण कशावरून झालं ते मी विचारलं नाही. वकिलाला ते लागतं, बहिणीला नाही, आणि त्या दिवशी मी नेमकी कोण होते ते माझं मलाच कळत नव्हतं.

आमच्या एका काकांनी तोडगा आधीच काढून ठेवला होता. "स्टॅम्पपेपरार लिवन घेवा दोघांनी, आणि मोकळी व्हा." काका, तसं होत नाही. हिंदू विवाह कायद्याने, म्हणजे १९५५ च्या, रूढीने चालत आलेली काडीमोड मान्य केलेली आहे हे खरं. पण ती रूढी तुमच्या समाजात पिढ्यान् पिढ्या आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. ते जमलं नाही तर नोटरीचा शिक्का मारलेला तो कागद म्हणजे नुसता कागद. त्यावर विसंबून दुसरं लग्न केलेल्यांच्या फायली मी पाहिल्यात. दुसऱ्या लग्नाची बायको कायद्याने बायकोच नसते, आणि हे तिला सगळ्यात शेवटी कळतं.

बहिणीचा पहिला प्रश्न होता, केस कुठे टाकायची? तिला इथेच टाकायची होती. लग्न इन्सुलीत, दारातल्या मांडवात झालेलं, दाखलाही इथल्याच ग्रामपंचायतीचा. कायद्याने तिचं बरोबर आहे. जिथे लग्न लागलं, जिथे दोघं शेवटचे एकत्र राहिले, जिथे समोरचा राहतो, यातलं कुठलंही कोर्ट चालतं. आणि २००३ च्या दुरुस्तीपासून, अर्ज बायकोचा असेल तर ती सध्या राहते तिथलंही. म्हणजे ओरोसचं जिल्हा न्यायालय चालेल, ठाण्याचं फॅमिली कोर्टही चालेल. पण चालेल आणि झेपेल यात फरक आहे ना! दर तारखेला रजा टाकून तुतारी पकडणार आहेस का? अपील झालंच तर सिंधुदुर्गाचं अपील आता कोल्हापूरला. हायकोर्टाचं सर्किट बेंच तिथे चतुर्थीच्या जेमतेम नऊ दिवस आधी, १८ ऑगस्टला सुरू झालं होतं. गावकऱ्यांची मोठीच सोय झाली, पण अंधेरीत नोकरी करणारीची नाही. ठाणं धर, मी म्हटलं.

आता फ्लॅट. इथे गंमत झाली. तिची नणंद पेडण्याला दिलेली, नवरा अस्सल गोंयकार. इन्सुलीच्या चेकनाक्यावरून दुचाकी काढली की पंधरा-वीस मिनिटांत पत्रादेवी, आणि पत्रादेवीच्या पलीकडे कुटुंबाचा कायदाच वेगळा. नणंद मागे एकदा बोलून गेली होती, "आमच्यात बायकोचं अर्धं असतंच." ते हिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तिला अर्धं, मग मला का नाही?

कारण आपला हिंदू विवाह कायदा गोव्यात पोचलेलाच नाही. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कौटुंबिक कायदा चालतो. घटस्फोटाचा कायदा १९१० चा. (आपल्याकडे मुंबई प्रांताने हिंदूंना घटस्फोटाचा हक्क दिला तो १९४७ साली.) गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, त्यानंतर १९६२ च्या कायद्याने हे जुने कायदे तसेच चालू राहिले. लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल, तर लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता एक होते. थोडे अपवाद सोडले तर लग्नाआधीची, नंतरची, वारशाने आलेलीसुद्धा. घर विकायचं तर दोघांची संमती हवी. वेगळं व्हायचं तर निम्मं-निम्मं. कागदावर नाव कुणाचं, हा प्रश्नच येत नाही.

ऐकायला झकास! पण कर्जही साधारण तसंच वाटलं जातं, हे नणंदा सांगत नाहीत. शिवाय गोव्यात लग्न म्हणजे सिव्हिल रजिस्ट्रारपुढे दोन सह्या. पहिली इराद्याची, मधे नोटिशीचे दिवस, मग दुसरी. दुसरी राहिली तर कायद्याने लग्न पूर्णच होत नाही, मग हॉलमध्ये हजार पानं का उठेनात.

"मग मी पेडण्यात खोली भाड्याने घेऊ?" असं तिने खरंच विचारलं. नाका ओलांडल्याने कायदा बदलत नाही गं. माणसाचा अधिवास, म्हणजे त्याचं कायमचं घर कुठलं, ते बघतात. उलट्या बाजूनेही तसंच आहे. गोव्यात अधिवास असलेल्या माणसाची मालमत्ता राज्याबाहेर असली तरी तिच्या वारसाहक्काला गोव्याचाच कायदा लागतो, असं सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केलंय.

पत्रादेवीच्या अलीकडे, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे, 'वैवाहिक मालमत्ता' असं काही नाही. ज्याच्या नावावर, त्याचं. मला हे अन्यायाचंच वाटतं. पंधरा वर्षं नोकरी सोडून घर चालवलेल्या बाईच्या हातात फक्त स्त्रीधन आणि पोटगीचा अर्ज उरतो. स्त्रीधन मात्र पूर्णपणे तिचं, त्यावर नवऱ्याचा हक्क नाही. आमच्या केसमध्ये नाव दोघांचं, कर्ज दोघांचं, त्यामुळे प्रश्न हिशेबाचाच होता. बँक स्टेटमेंट काढ, डाउन पेमेंट कुणी किती भरलं ते लिही. आणि एक लक्षात ठेव, तुमचा घटस्फोट झाला म्हणून बँक तुम्हाला कर्जातून मोकळं करत नाही. एकाने दुसऱ्याचा हिस्सा घ्यायचा असेल तर बँकेची संमती आधी, सही नंतर.

पोटगीबद्दल ती जरा बिचकतच बोलली. "मी कमावते, मला मिळणार नाही ना?" कमावते म्हणून हक्क आपोआप जात नाही, पण पगार नवऱ्याइतका किंवा जास्त असेल तर फार आशा धरू नये. आणि खाली बसून ऐक: हिंदू विवाह कायद्यात पोटगी नवराही मागू शकतो, खटला चालू असताना आणि नंतरही. फौजदारी बाजूची पोटगी, म्हणजे पूर्वीचं कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम १४४ झालंय, तिथे नवऱ्याला जागा नाही. ती बायको, मुलं आणि आईवडिलांसाठी. तिला घटस्फोटाची वाटही बघावी लागत नाही.

रक्कम किती, याचा कोष्टक नाही. २०१७ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने नवऱ्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य ठरेल असं म्हटलं, तेव्हापासून ऑफिसच्या पॅन्ट्रीत तो नियमच होऊन बसलाय. तो नियम नाही. खरा बदल झाला तो ४ नोव्हेंबर २०२० च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालाने. मूळ प्रकरण आपल्या नागपूरचं. अर्ज २०१३ चा, फॅमिली कोर्टाने बायकोला महिना १५ हजार अंतरिम पोटगी दिलेली, आणि लढाई २०२० पर्यंत चाललेली. त्या निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, खर्च, कर्ज, गुंतवणूक सगळं शपथेवर ठरलेल्या नमुन्यात मांडावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते. त्यामुळे 'माझा पगार कमी झाला हो' हे आता तोंडी चालत नाही.

इथपर्यंत मावशी आत निवऱ्या करत होती. मग पिठाच्या हातानेच बाहेर आली. "बाय, माका एकच सांग. नातू माझ्याकडेच रवतलो मा?"

याचं उत्तर देणं मला सगळ्यात जड गेलं. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हे १९५६ च्या कायद्यात आहे. पण हा सहाचा. त्यापुढे एकच कसोटी, मुलाचं हित. आईचा हक्क, बापाचा हक्क, आजीची माया, सगळं त्याच्या मागे. आणि मूल गावी आणून ठेवलं की ताबा आपला, हा समज तर साफ चुकीचा. मुलाचा नेहमीचा रहिवास कुठे, ते कोर्ट बघतं. तो ठाण्याचा असेल आणि मे महिन्यात कुणाला न विचारता हलवला असेल, तर न्यायाधीश पहिला प्रश्न हिलाच विचारणार: बापाला विचारलंस का?

विचारलं नव्हतं. चार महिन्यांत बाप एकदाच येऊन गेला होता, तोही ओट्यावर बसून.

मी तिला जरा जास्तच बोलले. ठाण्यातली शाळा, मित्र, बाप, सगळं एका सुट्टीत काढून घेतलंस त्याचं. तू स्वतःही अंधेरीतच, मग हा ताबा नेमका कुणाचा? मावशी काही न बोलता आत निघून गेली. त्या रात्री आरतीला माझ्या शेजारी कुणी उभं राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बहीण स्वतःच आली, वही घेऊन. परस्पर संमतीने घ्यायचा, तर अटी काय लिहायच्या? नियम असा: वर्षभर वेगळं राहणं, मग अर्ज, मग सहा महिने थांबून दुसरा. वेगळं राहणं एका छपराखालीही असू शकतं, नवरा-बायको म्हणून राहत नसाल तर. २०१७ पासून हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं: दीड वर्ष वेगळे आहात, समेट फसलाय, पोटगी आणि मुलाचं सगळं ठरलंय, आणि थांबण्याने फक्त त्रास वाढणार असेल तर. यांचं दीड वर्ष सप्टेंबरमध्ये भरत होतं.

मुलाच्या खर्चावर मी तिला तासभर बसवलं, कारण तिथे मी एकदा हात भाजून घेतलाय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एका अशिलासाठी लिहिलं होतं, 'शिक्षणाचा खर्च वडील करतील'. झालं! कोचिंग क्लास शिक्षण की नाही? स्कूल बस? लॅपटॉप? दोन वर्षं त्या एका वाक्यावर भांडण चाललं, आणि बाई मला अजून दिवाळीचा मेसेज पाठवते तेव्हा मी ओशाळते. म्हणून आता फी, क्लास, बस, मेडिक्लेम, सहली सगळं वेगवेगळं लिहायचं, आणि दरवर्षी किती टक्के वाढ तेही. खर्च दोघांनी उचलायचा, कमाईच्या प्रमाणात. सुप्रीम कोर्टाने २००० साली एका केसमध्ये बापाचे दोन हिस्से, आईचा एक असं ठरवून दिलं होतं. मुलगा अठराचा झाला की कायद्याची सक्ती सैल पडते, तेव्हा 'पदवी होईपर्यंत' असं आत्ताच लिहून घ्यायचं. आणि आईने रागात 'मला तुझा एक पैसा नको' असं लिहून दिलं, तरी मुलाचा हक्क त्याने जात नाही. तो तिचा नाहीच मुळी, मग ती सोडणार कसा?

सातव्या दिवशी मी निघाले तेव्हा वहीत साडेतीन पानं झाली होती. दिवाळीनंतर मुलगा ठाण्याला, जुन्याच शाळेत. आठवडाभर आईकडे, शनिवार-रविवार वडिलांकडे. मे महिन्याची सुट्टी तीन वाटण्यांत, त्यातली एक आजीची. हे तिसरं कलम कुठल्याही कायद्यात नाही. मी घातलं, आणि नवऱ्याने फोनवर एका शब्दानेही हरकत घेतली नाही.

तोवर रोज संध्याकाळी सात वाजता बापाचा व्हिडिओ कॉल. घरात रेंज येत नाही म्हणून पोराला विहिरीच्या कठड्यापाशी उभं राहावं लागतं. पहिल्या दिवशी मावशीच त्याला तिथे घेऊन गेली, हातात बॅटरी धरून.