सेवासंस्थांना गादी नको

जुलै महिना लागला की आपल्या बडोदे शहरात रोटरी, लायन्स आणि त्यांच्या धर्तीवर चालणाऱ्या इतर सेवामंडळांचे पदग्रहण समारंभ सुरू होतात. हारतुरे होतात, मावळते अध्यक्ष आपल्या गळ्यातील मानचिन्ह उतरवून नव्या अध्यक्षांच्या गळ्यात घालतात, नव्या सभासदांची नावे वाचून दाखविली जातात आणि अल्पोपाहारानंतर मंडळी घरोघर जातात. या समारंभांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. वर्षातून एक दिवस कार्यकर्त्यांचे कौतुक व्हावे हे योग्यच आहे. परंतु त्या दिवशी ज्यांची नावे वाचली गेली त्यांपैकी पुढल्या जुलैत किती जण दिसतील, आणि दहा वर्षांनी त्यांतला कोण त्या खुर्चीवर बसण्यास तयार झालेला असेल, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

संस्थाचालकांच्या दोन तक्रारी नेहमी कानी पडतात. पहिली अशी की, नवे सभासद मिळत नाहीत आणि मिळाले तर टिकत नाहीत. दुसरी अशी की, जबाबदारी घेण्यास कोणी पुढे येत नाही. त्यामुळे त्याच त्या दोन-तीन माणसांना आलटून पालटून अध्यक्ष आणि चिटणीस व्हावे लागते. या तक्रारी दोन म्हणून मांडल्या जातात, पण वस्तुतः ती एकच आहे. ज्या सभासदाला काम दिले जात नाही तो वर्षभराने येईनासा होतो, आणि ज्याने कधी काम केले नाही तो पुढारी होऊ शकत नाही. मग जुन्यांनाच बसावे लागते, आणि जुने बसले आहेत हे पाहून नवा दारातूनच परततो. हे चक्र कोठे तरी तोडले पाहिजे.

रोटरीचा आरंभीचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन स्नेह्यांसह या मंडळाचा पाया घातला. त्या तिघांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा अभियंता आणि एक कापडाच्या धंद्यातला होता. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरे, आणि या फिरतीवरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले. विशेष म्हणजे, पहिला अध्यक्ष संस्थापक हॅरिस नव्हे, तर कोळशाचा व्यापारी सिल्व्हेस्टर शीले हा झाला. हॅरिसची पाळी आली ती १९०७ साली, तीही तिसरा अध्यक्ष म्हणून. पहिल्या चौघांपैकी दोघे तर काही वर्षांतच संस्थेतून दूर झाले. तरीही संस्था वाढली, कारण ती कोणा एकाच्या नावावर उभी नव्हती.

त्याच काळातली दुसरी गोष्ट सभासद कसे मिळतात हे सांगणारी आहे. आरंभी या मंडळाचा उद्देश परस्परांचा स्नेह आणि परस्परांचा धंदा वाढविणे एवढाच होता. १९०६ साली डोनाल्ड कार्टर नावाच्या एका वकिलास सभासद होण्याचे निमंत्रण गेले. त्याने नियमावली वाचून नकार दिला. जे मंडळ आपल्या सभासदांपलीकडे कोणाचेच काही करीत नाही ते फार दिवस टिकणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. मंडळाने रुसून न बसता त्यालाच नियम सुधारण्यास सांगितले आणि शहराच्या हिताचे कलम उद्देशांत दाखल झाले. पुढल्याच वर्षी या मंडळींनी शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्याची खटपट आरंभिली. ज्याने नाही म्हटले त्याचे कारण ऐकून घेणे, हे सभासद मिळविण्याचे एक फार चांगले साधन आहे. आपल्याकडे मात्र नाही म्हणणाऱ्याचे नाव यादीतून खोडले की काम संपते.

अध्यक्षपद एका वर्षाचे, हा नियम त्या संस्थेने आजतागायत पाळला आहे. भावी अध्यक्षाची निवड आधीच होते, त्यामुळे त्याला तयारीस अवधी मिळतो. मावळता अध्यक्षही कार्यकारी मंडळात राहून सल्ला देतो. यावर आक्षेप असा की, एका वर्षात माणूस काय करणार? प्रत्येक जण आपल्या नावाची एक नवी टूम काढील आणि मागच्याचे काम अर्धवट पडेल. असे घडते, हे आम्हांसही ठाऊक आहे. परंतु काम व्यक्तीचे न मानता संस्थेचे मानले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण पोलिओचे आहे. १९८५ साली रोटरीने हे काम हाती घेतले. भारतात या रोगाचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. या यशाचे श्रेय सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि घरोघर फिरलेल्या असंख्य आरोग्यसेविका यांचेही आहे. पण या जवळजवळ तीस वर्षांत रोटरीचा जागतिक अध्यक्ष दरवर्षी बदलत होता, आणि काम मात्र बदलले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दार अडविल्याने काय होते, याचाही धडा याच इतिहासात आहे. कॅलिफोर्नियातील दुआर्ते या गावच्या क्लबाने १९७७ साली तीन स्त्रियांना सभासद करून घेतले, तेव्हा वरिष्ठांनी त्या क्लबाची मान्यताच काढून घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८७ साली निकाल क्लबाच्या बाजूने लागला आणि १९८९ साली संस्थेने जगभर स्त्रियांना दार उघडले. २०२२ साली जेनिफर जोन्स या जागतिक अध्यक्षपदावर आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. पाऊणशेहून अधिक वर्षे निम्म्या समाजाला बाहेर ठेवून सभासद कमी का, असे विचारण्यात काय अर्थ होता?

परदेशाचीच उदाहरणे कशाला, असे कोणी म्हणेल. ज्या वर्षी शिकागोत ती चौघे जमले, त्याच १९०५ सालच्या जूनमध्ये पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाज स्थापिला. दोन्ही संस्थांची जात निराळी. एक उद्योगी माणसाच्या फावल्या वेळाची, तर दुसरी निर्वाहापुरते वेतन घेऊन आयुष्य वाहणाऱ्यांची. परंतु नव्या सभासदाने पाच वर्षे उमेदवारी करावी असा गोखल्यांचा दंडक होता. आणि १९१५ साली गोखले निवर्तल्यावर त्यांच्या जागी आले ते तामिळनाडूतील व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री. पुण्यात जन्मलेल्या संस्थेने आपला दुसरा अध्यक्ष निवडताना भाषा पाहिली नाही, योग्यता पाहिली.

आता आपल्या घराकडे वळू. संस्थान १९४९ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. दरबार गेला, मानकरी गेले, पण गादीची सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे. तिने मग मंडळांत आणि क्लबांत आसरा शोधला. वडील अध्यक्ष होते म्हणून चिरंजीव उपाध्यक्ष, अमक्यांनी जागा दिली म्हणून तहहयात विश्वस्त, असा प्रकार आपल्या जुन्या घराण्यांत सर्रास चालतो आणि तो परंपरेच्या नावाने गोड मानून घेतला जातो. वास्तविक सयाजीराव महाराजांनी घालून दिलेला पायंडा निराळा होता. १९१० नंतर त्यांनी गावोगाव ग्रंथालये काढली, तेव्हा गावकऱ्यांनी ठराविक रक्कम जमविली की तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यावी, अशी योजना होती. खजिन्यात पैसा नव्हता म्हणून ही अट नव्हती. ज्यात लोकांचा हात लागला नाही ते लोकांचे होत नाही, हे त्या राजाला कळत होते. राजाला कळले ते आपल्या मंडळांच्या तहहयात पदाधिकाऱ्यांना कळू नये, हे नवल होय.

आज आपली मुले पुण्याला, बंगलोरला, परदेशी जातात. जी येथे राहिली आहेत त्यांचे स्नेही गुजराती, सिंधी, मल्याळी असे सर्व प्रकारचे आहेत. केवळ आडनाव पाहून सभासद करावयाचे ठरविले तर आणखी वीस वर्षांनी कित्येक सभागृहांना टाळे लावण्यासच माणूस उरेल. म्हणून चालकांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

नव्या सभासदाला वर्गणीची पावती देताना त्याच दिवशी एक ठराविक काम द्यावे. नेत्रतपासणी शिबिराची नावनोंदणी असो की रक्तदात्यांची यादी, काम लहान चालेल, पण ते त्याचे एकट्याचे असावे आणि त्यासाठी त्याला सारखी परवानगी मागावी लागू नये. प्रत्येक पदाधिकाऱ्याच्या हाताखाली एक उमेदवार असावा आणि जमाखर्च व इतिवृत्त ही दोन्ही त्याच्या हातून एकदा तरी लिहून घ्यावीत. सलग तीन बैठकांना जो आला नाही त्याला नोटीस न पाठविता कोणी तरी त्याच्या घरी जावे. गैरहजेरीचे खरे कारण कागदावर कधीच येत नाही. स्त्रियांना हळदीकुंकू आणि फराळाच्या व्यवस्थेपुरते न ठेवता कोषाध्यक्ष करावे, कारण घरचा हिशेब त्यांनीच चोख ठेवला आहे. आणि एका पदावर दोन वर्षांहून अधिक काळ कोणीही राहू नये, असे नियमावलीत लिहून टाकावे. तोंडी ठरावावर विसंबू नये.

जुन्या कार्यकर्त्यांनी यात आपला अवमान मानू नये. ज्यांनी पदरचे पैसे घालून संस्था चालविल्या त्यांचे ऋण हे शहर विसरणार नाही. नवा माणूस चुकेल, एखादे शिबिर फसेल, एखादा हिशेब दोनदा करावा लागेल. त्या वेळी हातातले काम काढून न घेता शेजारी बसून दाखवून देणे, हेच वडीलकीचे काम आहे. खुर्ची सोडल्यावरही ज्याचा सल्ला विचारला जातो तो खरा पुढारी. यंदाच्या जुलैत मानचिन्ह उतरविणाऱ्या प्रत्येक अध्यक्षाने आपल्या वर्षात किती शिबिरे झाली हे अवश्य सांगावे. पण आपण किती जणांना काम शिकविले, हेही त्याच व्यासपीठावरून सांगण्याची प्रथा पडो. तो आकडा दरवर्षी वाढत गेला तर सभासदांची चिंता वेगळी करावी लागणार नाही.