ताळेबंद : भंगारातली स्पोर्ट्‌स कार

या सदरात आपण बहुधा मुदत ठेवी, वारसनोंद, इच्छापत्र अशा गंभीर विषयांची चर्चा करतो. या वेळचा विषय पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. तथापि ज्या घरात तरुण मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरात हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपाने येतोच, म्हणून तो मांडतो आहे.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बंधूंचा दूरध्वनी आला. "आण्णा, तुमच्या पुतण्याला वेड लागलंय. गोव्याच्या भंगारातून गाडी आणायची म्हणतोय. तुमचं तो ऐकतो, जरा समजवा त्याला." पुतण्या सत्तावीस वर्षांचा, यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. चार वर्षांत त्याने सात लाख रुपये साठवले होते. ते सदनिकेच्या पहिल्या हप्त्यासाठी आहेत, असे घरात सर्वजण धरून चालले होते. पितापुत्रांचा अबोला पंधरवड्यावर गेला होता.

गाडी होती सॅन स्टॉर्म. १९९८ मध्ये बाजारात आलेली, गोव्यात तयार होणारी ही दोन आसनांची लहानशी स्पोर्ट्‌स कार आज फारच थोड्यांना आठवत असेल. तिचे अंग फायबरग्लासचे आणि इंजिन रेनॉ कंपनीचे, ११४९ सीसीचे, सुमारे साठ अश्वशक्तीचे.

मला मात्र ती आठवत होती. १९९९ साली मी शाखेत कर्ज विभाग पाहत असताना एका तरुण वास्तुविशारदाने याच गाडीसाठी अर्ज केला होता. गाड्या थोड्या, पुनर्विक्रीची बाजारपेठ नाही, सुट्या भागांची शाश्वती नाही, अशी तीन कारणे लिहून मी दहा मिनिटांत अर्ज नामंजूर केला. त्याने टेबलावर ठेवलेले माहितीपत्रक मी उघडलेही नाही. कारणे तिन्ही बरोबर होती. तरी त्या गृहस्थाचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून पुतण्याला मी 'नको' म्हटले नाही. "अंदाजपत्रक घेऊन ये," एवढेच सांगितले. तो दुसऱ्याच दिवशी कागद घेऊन आला. खरेदी ८०,००० रुपये, कोल्हापूरपर्यंत वाहतूक २०,०००, इंजिन व गिअरबॉक्स १,२०,०००, अंगाची दुरुस्ती व रंग १,१०,०००, वायरिंग, ब्रेक, टायर, आसने मिळून १,२०,०००, कर व कागदपत्रे ३०,०००. एकूण ४,८०,०००.

अंदाज प्रामाणिक होता, पण त्यात आकस्मिक खर्चाचा रकाना नव्हता. नव्या कारखान्याच्या प्रकल्प अहवालात आम्ही तो धरायला लावत असू. जुन्या यंत्राच्या बाबतीत तर तो अधिकच धरावा लागतो, कारण उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. दुरुस्तीच्या साडेतीन लाखांवर मी पन्नास टक्के वाढवले. बेरीज ६,५५,००० झाली. म्हणजे सात लाखांतले उरले पंचेचाळीस हजार.

दुसरा रकाना कागदपत्रांचा. गाडीची पहिली नोंदणी १९९९ ची. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर तपासणी करून दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. ही मुदत २०१४ मध्येच संपली होती. पुतण्याला वाटले होते की, जुनी गाडी म्हणून तिला 'व्हिंटेज' दर्जा मिळेल. २०२१ च्या नियमांनुसार तो दर्जा पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपातील वाहनांना मिळतो. या गाडीला तो मान मिळायला २०४९ साल उजाडावे लागेल. शिवाय गोव्याची गाडी महाराष्ट्रात आणायची म्हणजे तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि इथला कर हे आलेच.

भंगारवाल्याकडे आरसीची केवळ छायाप्रत होती. पुतण्याने तीवरून मूळ मालकाच्या मुलाचा शोध घेतला. मूळ आरसी त्यांच्या कपाटात निघाली, आणि तीवर बँकेच्या तारणाची नोंद तशीच होती. कर्ज कधीच फिटले होते, पण नोंद उतरवायची राहून गेली होती. वाचकहो, हे केवळ भंगारातल्या गाडीचे नाही. आपल्या घरातल्या गाडीचे कर्ज फिटले असेल, तर आज तिची आरसी काढून पाहा. बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ परिवहन कार्यालयात दिल्याखेरीज ती नोंद आपोआप जात नाही. पुढे विक्रीच्या वेळी किंवा मालकाच्या पश्चात वारसांना हेलपाटे घालावे लागतात.

तिसरा रकाना मी रिकामा ठेवला होता, कारण तो घरी बसून भरता येत नव्हता. मी म्हणालो, "चल, प्रत्यक्ष पाहून येऊ." बंधूंना हे मुळीच रुचले नाही.

आजरा, आंबोली, सावंतवाडी करत आम्ही म्हापशाजवळ पोहोचलो. गाडी एका माडाखाली उभी होती. रंग उडालेला, छत फाटलेले, तरी तिचा आकार पाहून माझेही मन क्षणभर हलले. फायबरग्लास गंजत नाही. त्याला तडे गेले, तर रेझिन आणि काचतंतूंचे कापड वापरून ते भरता येतात, आणि होड्या बांधणाऱ्या किनारपट्टीवर ही कामे जाणणारे कारागीर आहेत. इंजिनाचेही दुःख नव्हते. पुतण्याने स्पार्क प्लग काढून तेल सोडले, तासभर थांबला आणि पान्याने क्रँक फिरवून पाहिला. तो फिरला. त्याच जातीचे इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओ या गाड्यांत बसवलेले असल्याने त्याचे भाग मागवता येतील, हेही त्याने शोधून ठेवले होते.

अडचण खाली होती. वरचे अंग गंजत नसले, तरी खालचा सांगाडा पोलादाचा. मुलगा पाठीवर झोपून आत सरकला. मी गुडघ्यांवर बसून विजेरी धरली. मागच्या चाकाजवळ, जिथे सांगाड्याला सस्पेन्शनचा जोड येतो, तिथे त्याने स्क्रूड्रायव्हर दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. दुसऱ्या बाजूलाही तेच. तो काही न बोलता बराच वेळ तसाच पडून राहिला.

परतताना आंबोलीला आम्ही चहाला थांबलो. तिथे तो म्हणाला, "काका, नको. इंजिन बिघडलं तर गाडी थांबते. तो जोड तुटला तर माणूस जातो. तिथं ठिगळ लावून मी कोणाला शेजारी बसवणार नाही." मी मान डोलावली. थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, "तुम्ही घरीच नाही म्हणाला असतात, तर मी हट्टानं घेतली असती."

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. नकार योग्य असला, तरी तो कोणी आणि काय पाहून दिला याला महत्त्व असते. १९९९ च्या त्या अर्जाबाबत माझा निर्णय चुकला, असे मी आजही म्हणणार नाही. पण त्या तरुणाला समोर बसवून तोच हिशेब त्याच्याकडून करून घेतला असता, तर तो कदाचित स्वतःच अर्ज मागे घेऊन, मान ताठ ठेवून गेला असता.

ज्यांच्या घरात असा छंद असेल, त्यांच्यासाठी तीन गोष्टी सांगतो. पहिली, मालकी आणि कागद आधी तपासावेत, गाडी नंतर. दुसरी, या खर्चाला गुंतवणूक म्हणू नये. तो आवडीचा खर्च आहे, तेव्हा त्यासाठी वेगळे खाते असावे आणि घराच्या पैशाला हात लागू नये. तिसरी, कुठे थांबायचे तो आकडा खरेदीपूर्वी लिहून ठेवावा. आजारी उद्योगाला पहिले कर्ज वाचवण्यासाठी दुसरे कर्ज देणारे अधिकारी मी पाहिले आहेत. "आता इतके घातलेच आहेत, तर आणखी थोडे" हे वाक्य तिथेही ऐकू येत असे. गेलेला पैसा पुढच्या निर्णयात धरायचा नसतो.

सदनिकेची नोंदणी दिवाळीत झाली. पुतण्याने आता दरमहा सहा हजारांचे वेगळे आवर्ती खाते उघडले आहे. त्याचे वडील परवा मला म्हणाले, "आण्णा, पुढच्या वेळी गाडी बघायला मीही येतो."