दोन याद्यांमधला विद्यार्थी

महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. या निवडणुकीसाठी राज्य निवडणूक आयोगाने १ जुलै २०२५ ची विधानसभा मतदार यादी ग्राह्य धरली होती. साहजिकच, त्या तारखेनंतर वयाची अठरा वर्षे पूर्ण केलेल्या तरुणांना मतदानकेंद्राबाहेरच राहावे लागले. त्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. परंतु ज्यांची अठरा वर्षे केव्हाच उलटली होती, जे पुण्यात, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात तीन-तीन वर्षे शिकत होते आणि तरीही ज्यांचे नाव तेथील यादीत नव्हते, अशा विद्यार्थ्यांचे काय? त्यांना कोणत्याही तारखेने अडविलेले नव्हते. नाव कोठे नोंदवावे, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारलेलाच नव्हता.

एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदाराचे वय एकवीसवरून अठरावर आणले आणि २८ मार्च १९८९ पासून ती अमलात आली. महाविद्यालयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी तेव्हापासून मतदार होऊ शकतो. परंतु मतदान यादीत नाव असलेल्यालाच करता येते आणि लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० यादीत नाव येण्यासाठी वयाबरोबरच त्या मतदारसंघातील सर्वसाधारण रहिवासाची अट घालतो. घर सोडून शिकायला गेलेल्या मुलाची अडचण नेमकी येथेच सुरू होते. त्याचा रहिवास कोणता? आई-वडिलांचे घर, की वसतिगृहाची खोली?

कायद्याचे उत्तर पुरेसे उदार आहे. तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे कोणाचाही घरचा रहिवास संपत नाही. म्हणून विद्यार्थ्याला गावी नाव ठेवता येते. मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्ष मुदतीचा अभ्यासक्रम असेल, तर वसतिगृहाच्या पत्त्यावरही नाव नोंदविता येते; त्यासाठी प्राचार्यांनी किंवा संस्थाप्रमुखांनी दिलेला बोनाफाईड दाखला लागतो. निवड विद्यार्थ्याची आहे. मात्र निवड एकाच जागेची करता येते. दोन्हीकडे नाव ठेवणे बेकायदेशीर आहे आणि अर्जात जाणूनबुजून खोटे निवेदन करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे.

ही निवड पत्ता बदलण्याइतकी किरकोळ नाही. ग्रामपंचायतीच्या मतदार याद्या विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात आणि त्या यादीत ज्याचे नाव, तोच ग्रामसभेचा सदस्य. गडचिरोलीतील एखाद्या अनुसूचित क्षेत्रातील गावचा विद्यार्थी पुण्याच्या वसतिगृहात नाव हलवितो, तेव्हा तो केवळ आमदार बदलत नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने ज्या ग्रामसभेला गौण वनोपजावर हक्क दिला, भूसंपादनापूर्वी जिचा सल्ला घेणे बंधनकारक केले, त्या ग्रामसभेतून तो बाहेर पडतो. गावातला शिकलेला मुलगा शहरात गेला एवढ्याने गावाचे जे नुकसान व्हायचे ते होतेच. त्याचे नावही गेले, तर कागद वाचून प्रश्न विचारू शकणारा एक माणूस सभेतून कायमचा उणा होतो. अशा विद्यार्थ्याने नाव गावीच ठेवणे आणि सुट्टीत ग्रामसभेला आवर्जून बसणे अधिक उचित ठरेल.

याउलट ज्याचे गावी जाणे वर्षातून एकदा दिवाळीपुरते उरले आहे, त्याने गावच्या यादीतील नाव भूषणासारखे मिरविण्यात काय अर्थ? टपाली मतदानाची सोय सैनिकांना, निवडणूक कर्मचाऱ्यांना, दिव्यांगांना व ८५ वर्षांवरील ज्येष्ठांना आहे, विद्यार्थ्यांना नाही. स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे ठेवला, त्यावर विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले आणि २०२४ च्या निवडणुकांत ते यंत्र आले नाही. म्हणजे प्रवासाला पर्याय नाही. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला, बुधवारी झाली. जोडून सुट्टी घेऊन पर्यटनाला पळणाऱ्या शहरी मतदाराला रोखावे म्हणून आठवड्याचा मधला वार निवडला गेला. हेतू रास्त होता. पण सहलीला जाणाऱ्याला अडविणारा तोच बुधवार गावी परतू पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाही अडवून गेला. एक रात्र जाण्याची, एक येण्याची, आणि पुढच्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा! अशा स्थितीत किती जण गाडीत बसणार?

सर्वाधिक उपेक्षित आहेत ते पुण्याच्या पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे तरुण. त्यांना महाविद्यालयाचा दाखला नाही आणि नोंदणीकृत भाडेकरार करून देणारा घरमालक विरळा. पण पत्त्याचा ठरलेला पुरावा नसेल, तर मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने प्रत्यक्ष जागेवर येऊन पडताळणी करावी, अशी अर्जातच सोय आहे. बेघर माणसाचे नावही आयोग त्याच्या रात्रीच्या झोपण्याच्या जागेची खातरजमा करून नोंदवितो. चार भिंती आणि एक कॉट असलेल्या पदवीधराने मग हात टेकण्याचे कारण नाही.

अर्जाच्या बाबतीत एक घोटाळा वारंवार होतो. अर्ज क्रमांक ६ फक्त प्रथमच नाव नोंदविणाऱ्यासाठी आहे. गावी नाव असलेल्याने शहरात नाव हलविण्यासाठी अर्ज क्रमांक ८ भरावयाचा असतो. महाविद्यालयातील नोंदणी शिबिरात उत्साहाने सरसकट सहा क्रमांकाचे अर्ज भरले जातात आणि दुबार नावांच्या यादीत भर पडते. शिबिर घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी अर्ज हाती देण्यापूर्वी ‘गावी नाव आहे का?’ एवढे विचारले, तरी हा प्रकार पुष्कळसा थांबेल.

वेळेचे गणितही आता बदलले आहे. पूर्वी १ जानेवारी हा एकच अर्हता दिनांक असे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार झाले आहेत. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, म्हणजे बारावीच्या वर्गातच हे काम उरकणे शक्य आहे. अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावरून किंवा भ्रमणध्वनीवरील ॲपमधून भरता येतो, १९५० या क्रमांकावर चौकशी करता येते. दहावीच्या गुणपत्रिकेपासून जातीच्या दाखल्यापर्यंत मुलांची सारी कागदपत्रे फाईलमध्ये लावून ठेवणारे पालक मतदार ओळखपत्राचा विषय मात्र ‘पुढे बघू’ म्हणून सोडून देतात.

हे ‘पुढे’ बहुधा निवडणूक जाहीर झाल्यावरच उजाडते. नामनिर्देशनपत्रे भरण्याचा शेवटचा दिवस उलटला, की त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घालता येत नाही. शिवाय प्रत्येक अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून अर्ज त्याआधी किमान दहा दिवस पोहोचलेला हवा. महानगरपालिकेच्या वेळी तर ग्राह्य यादीची तारीख मतदानाच्या साडेसहा महिने आधीची होती. नव्या विद्यार्थ्यांचे प्रवेश जून-जुलैत होतात. बोनाफाईड दाखला त्याच आठवड्यात, प्रवेशाच्या पावतीबरोबर हाती देणे कोणत्याही प्राचार्याला अवघड नाही.