कारा समुद्रातला बर्फ आणि यशवंत सागरचे दरवाजे

मंडळी, उत्तर ध्रुवाजवळचा समुद्रबर्फ वितळतोय असं कुणी म्हटलं की इंदूरकडच्या आपल्या लोकांचं उत्तर ठरलेलं, "वितळू दे, आपलं काय जातंय?" माझं मत आहे, जातंय. आणि नेमकं सप्टेंबरात जातंय.

ध्रुवावरचा बर्फ उपग्रहावरून 1979 पासून सलग मोजतात. उत्तरेकडे तो सप्टेंबरात सगळ्यात कमी असतो, आणि हा आकडा दर दहा वर्षांनी साधारण 12 टक्क्यांनी घटत आलाय. 2012 ला जेमतेम 34 लाख चौरस किलोमीटर उरला होता. पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, उघडं काळं पाणी तेच ऊन पिऊन घेतं. पाणी तापलं की नवा बर्फ उशिरा धरतो. (दक्षिण ध्रुवाची तऱ्हा वेगळी. तिथं 2014 पर्यंत थोडा वाढत होता, मग एकदम घसरला.)

आता आपला संबंध. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये मांडलं, की रशियाच्या उत्तरेला कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी पडला की वरच्या हवेचा दाब बदलतो, तो बदल युरोपावरून लाटेसारखा आपल्याकडे सरकतो. त्यात अरबी समुद्र तापलेला असला की मध्य भारतात सप्टेंबरात अतिवृष्टीची शक्यता वाढते. त्यांनी 'शक्य संबंध' एवढंच म्हटलंय, आपणही तेवढंच म्हणू. 2023 च्या सप्टेंबरात इंदूरला जो पाऊस कोसळला तो बर्फामुळेच, असं मी म्हणणार नाही.

पण आपलं वेळापत्रक बघा. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद. बीज सोडायचं ते पावसाळ्यातच. म्हणजे सप्टेंबरात बोटुकली अजून बारीक, तलाव काठोकाठ, आणि वरून असा पाऊस. यशवंत सागरचे दरवाजे उघडले की पैसे मोजून आणलेलं रोहू-कटल्याचं बीज गंभीर नदीत! शहराला पाणी पाजणारा तलाव आहे, दरवाजे उघडावेच लागणार, त्याला आपली ना नाही. पण आधी सोसायटीला फोन तरी यावा, आणि सांडव्याला जाळी हवी. सगळं बीज एकदम सोडण्यापेक्षा थोडं नर्सरीत वाढवून ऑक्टोबरात सोडा, असंही माझं म्हणणं आहे.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. जाळीचा खर्च कोणी करायचा यावर भांडण होईल. होऊ द्या.