दाणा आणि दाम

उर्दूत 'दाम' म्हणजे जाळं. वर्गात हा शब्द आला की पोरं हसतात, कारण मराठीत दाम म्हणजे पैसा. 'दाना-ओ-दाम' ही उर्दू शायरीतली जुनी जोडी. पाखराला दाणा आधी दिसतो, जाळं मागाहून कळतं. गेल्या महिन्यात ही जोडी मला पुस्तकाबाहेर भेटली.

अलिबागजवळ डोंगराच्या कडेला एक फार्महाऊस आहे. माझा एक जुना विद्यार्थी तिथे राखणदार आहे. मालकाच्या सांगण्यावरून त्याने जंगलाला लागून अर्धा एकर मका आणि रताळी लावली. विकायला नाही, खायलाही नाही. रात्री भेकर यावं, डुकरं यावीत आणि पाहुण्यांनी ओटीवरून बॅटरी मारून बघावीत, एवढ्यासाठी. मला म्हणाला, "मॅडम, मुक्या जनावरांना खायला घालतोय. सवाबच ना?"

मी हो म्हणणारच होते. कुणी झाड लावलं किंवा पेरणी केली आणि त्यातलं माणसाने, पाखराने, जनावराने खाल्लं, तर लावणाऱ्याच्या नावावर तो सदका लिहिला जातो, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. पण घरी आल्यावर नाना आठवले.

नाना मुरुडचे. आजचं फणसाड अभयारण्य, म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं शिकारीचं रान. संस्थान 1948 साली विलीन झालं, अभयारण्य 1986 साली जाहीर झालं. नाना तरुणपणी हाका घालायला जात. डुक्कर उठलं तर गुपचूप वाट सोडत, सांबर उठलं तर घसा फुटेस्तोवर ओरडत! उन्हाळ्यात फणसाडमधलं पाणी 'गाणी'वर उरतं. इथे पाणवठ्याला गाण म्हणतात. नाना म्हणायचे, पाण्यावर आलेल्या जनावराला मारू नये, ते आपल्या भरवशावर मान खाली घालतं. नवाबाचे पाहुणे हे पाळत होते की नाही, देव जाणे.

अमेरिकेत शिकारीच्या जमिनीवर हरणांसाठी मुद्दाम क्लोव्हर, चिकोरी, सलगम पेरतात आणि हंगाम लागला की त्याच शेताच्या कडेला मचाणावर बसतात. तिथल्या बऱ्याच राज्यांत धान्याचा ढीग ओतून हरीण बोलावणं बेकायदा, पण उगवलेल्या पिकावर आलेलं मारलं तर चालतं. मला हा फरक फारसा पटत नाही. तरी एक मानावं लागेल की तिथे पेरणारा आणि मारणारा एकच असतो, सगळं उघड असतं.

आपल्याकडे तसं नाही. फार्महाऊसचा मालक बंदूक धरणार नाही, तो फोटो काढणार. पण अर्ध्या एकरावर डुकरांचा कळप किती रात्री थांबेल? बांधापलीकडे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे वाल आहेत, भात कापल्यावर जमिनीच्या ओलीवर टाकलेले. पोपटीच्या दिवसांत चार पैसे देणारं तेवढंच पीक. कळपाने एका रात्रीत ते नांगरल्यासारखं उलथून टाकलं. पुढे काय होतं हे कोकणात कुणाला सांगायला नको. कुणीतरी बांधावर फास लावतं, कुणी पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतं. फासाला डुक्कर आणि भेकर यांतला फरक कळत नाही. डुकरांमागे बिबट्या येतो, तोही अडकतो. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आमिष दाखवणं हेही शिकारीच्या व्याख्येत घातलंय. हेतू मारण्याचा नव्हता, असं मालक म्हणेल आणि ते खरंही असेल.

म्हणून माझं उत्तर नाही असं आहे. सदका आपल्या खिशातून द्यायचा असतो. इथे मका मालकाचा, पण किंमत वालवाला भरतोय आणि भेकर भरतंय. शेजाऱ्याचा हक्क बुडवून सवाब कसला? फणसाडमध्ये गिधाडांसाठी मेलेली गुरं ठेवतात, उन्हाळ्यात पाण्याची सोय करतात, त्याला माझी हरकत नाही. ते रानाच्या आत होतं, जनावराला बाहेर ओढत नाही.

विद्यार्थ्याला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, तुमचं पटतंय. पण मालकाला सांगणार कोण? नोकरी माझी आहे." रविवारी मालक येणार आहे. मी येते म्हटलंय. वालवाल्या चाचांनाही घेऊन जाणार आहे.