तारे वाटोळे कां उमटत नाहींत?

दुर्बिणीस कॅमेरा जोडून आकाशाचीं छायाचित्रें घेण्याचा नाद हल्लीं कित्येक घरांतील तरुणांस लागलेला दिसतो. अशा चित्रांत मध्यावरचे तारे मोहरीच्या दाण्यांसारखे वाटोळे असतात; कडेचे मात्र धूमकेतूप्रमाणें शेपटी फुटलेले. मग घरांत नव्या, अधिक महाग दुर्बिणीची गोष्ट निघते. तो खर्च करण्यापूर्वीं दोषाचें मूळ पाहावें.

आरशाच्या दुर्बिणींतील आरसा बहुधा अन्वस्ताच्या आकाराचा असतो. समोरच्या ताऱ्याचे किरण तो एका बिंदूंत आणतो. पण तिरके येणारे किरण आरशाच्या निरनिराळ्या भागांवरून निरनिराळ्या ठिकाणीं पडतात व शेपटी निघते. प्रकाश असा विखुरला म्हणजे अंधुक तारे उमटतच नाहींत.

यावर उत्तम तोड काढली ती बर्नहार्ड श्मिट यांनीं. १८७९ सालीं एस्टोनियाजवळील एका बेटावर जन्मलेल्या या कारागिराचा उजवा हात पोरवयांतच दारूच्या स्फोटांत गेला होता. हँबुर्गजवळ बर्गेडॉर्फच्या वेधशाळेंत १९३० सालीं त्यांनीं अन्वस्त सोडून गोलाकार आरसाच घेतला. गोलास सर्व दिशा सारख्या. म्हणून त्याच्या वक्रतेच्या मध्याशीं प्रकाशाचें द्वार ठेवलें, कीं कडेचा ताराहि मधल्यासारखाच वागतो. गोल आरशाचा स्वतःचा धूसरपणा त्यांनीं त्या द्वाराशीं किंचित् वक्र घांसलेली पातळ कांच बसवून घालविला. मात्र त्यासाठीं नळी लांब करावी लागते व चित्राची पाटीहि वांकवावी लागते. याच धर्तीच्या पालोमार येथील ४८ इंची दुर्बिणीनें १९४९ पासून उत्तर आकाशाचा प्रसिद्ध चित्रसंग्रह तयार झाला.

घरच्या चित्राची परीक्षा सोपी आहे. सर्वच तारे एका दिशेस लांबट असतील, तर दुर्बीण ताऱ्यांच्या गतीबरोबर नीट फिरत नाहीं असें प्रथम समजावें. एकाच बाजूचे बिघडले असतील, तर कॅमेरा तिरपा बसला आहे कीं काय, तें पाहावें. चारी कोपऱ्यांत शेपट्या मध्यापासून बाहेर वळल्या असतील, तर तो आरशाचा स्वभावच होय. कॅमेऱ्यापुढें दोषहारक भिंग बसवावें व दोहोंतील अंतर निर्मात्यानें सांगितल्याबरहुकूम मिलिमीटरपर्यंत राखावें. एवढ्यानें बहुधा आहे त्याच दुर्बिणींतून कडेचे तारेहि वाटोळे उमटूं लागतील.